हवा घेणारी गाडी: जळगाव ते धुळे

जळगावहून धुळ्याला जायला एस.टी. सोयीची, पण एस.टी.त मला मळमळतं. त्यात मे महिना, आणि धुळ्याच्या अध्यापिका विद्यालयात माझी मुलाखत. दुपारच्या आत पोचायलाच हवं होतं. नाव पुकारलं आणि आपण नसलो, तर वर्ष गेलं. माझे काका, म्हणजे नाना, त्याच दिवशी तूरडाळीची पोती घेऊन सोनगीरला निघाले होते. धुळं वाटेतच. त्यांच्या ट्रकनं जायचं ठरलं.

निघण्याआधी काकूंनी ट्रकची पूजा केली. चाकांवर पाणी, बॉनेटवर स्वस्तिक, आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेल्या शेंदराचा टिळा. "खायचं तोंड आहे तिचं," असं त्या म्हणतात. माझी मुलाखत म्हणून त्या दिवशी टिळा जरा जाडच होता.

हा रस्ता करायचा तर सकाळी जा आणि संध्याकाळी परत या, दोन्ही वेळा ऊन पाठीशी राहतं. केबिनच्या उंचीवरून बांभोरीच्या पुलाखालची गिरणा दिसली, नुसती वाळू आणि मधे पाण्याची एक रेघ. एरंडोलला चहा घेतला. मळमळ अजिबात नाही. मी खुशीत.

एरंडोल मागे पडलं आणि गाडीनं दोन आचके दिले. मग बंद.

"डिझेल संपलं?" मी विचारलं.

"कालच भरलंय," नाना म्हणाले. तरी उतरून त्यांनी टाकीत काठी घालून पाहिली. भरलेली. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून पंप हातानं मारला. आधी बुडबुडे आले, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला, गाडी चालू.

"हवा घेतेय," ते म्हणाले. डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरली की गाडीवाले असं म्हणतात. मला तो शब्द फार आवडला.

पारोळ्याच्या अलीकडे तेच. ढकलत, रडत गाडी नानांच्या ओळखीच्या मिस्त्रींच्या शेडपर्यंत आली. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं, फिल्टर धुतला, नळीचे सगळे जोड आवळले. "हवा ले रही थी, नाना. आता मुंबईपर्यंत जा."

तेवढ्यात मी कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी उघडली. पारोळ्यात थांबलात तर किल्ला बघा म्हणतात. मी त्याच्या भिंतीकडे पाहिलंही नाही. उशिराच्या धास्तीनं भाकरी तशीच बांधून ठेवली.

फागण्याच्या जवळ गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. सावली पायाखाली आली होती. या खेपेला मीही खाली उतरले. नानांनी झाकण फिरवलं आणि मला स्पष्ट ऐकू आलं: फुस्स.

"नाना, हा आवाज कसला?"

"कसला आवाज?" इंजिनाशेजारी बसून नानांचे कान अर्धे गेलेत.

"आत ओढल्यासारखा. आणि दर वेळी झाकण उघडलं, की मगच गाडी चालते."

मी शाळेत उशिरा गेले, तोवर आईनंच शिकवलं. एकदा तेलाचा डबा फोडताना तिनं एकच भोक पाडलं आणि विचारलं, तेल नीट का येत नाही? उत्तर सापडेपर्यंत जेवण मिळालं नव्हतं. दुसरं भोक लागतं. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही.

"झाकणाला भोक असतं का हो?"

नानांनी झाकण उजेडात धरलं. मग त्यांनी झाकणावरचा शेंदूर नखानं खरवडला. थरावर थर, दगडासारखे. "पिन दे तुझी."

केसातली पिन मी दिली. शेंदराखालून सुईएवढं भोक निघालं.

"आपण म्हणत होतो हवा घेतेय," नाना म्हणाले, "आणि तिला हवाच मिळत नव्हती!"

एक बैलगाडीवाला शेजारी येऊन थांबला होता. "काय व्हयनं, भाऊ?"

"झाकण बुजलं होतं."

"मना बैल बरा," तो म्हणाला. "त्याले झाकण नही."

गाडी पुन्हा अडली नाही. मी पोचले तेव्हा माझं नाव दुसऱ्यांदा पुकारत होते. हाताला डिझेलचा वास. मुख्य बाईंनी उशिराचं कारण विचारलं आणि मी खरं तेच सांगितलं, टेबलावरचा पाण्याचा तांब्या टाकीच्या जागी कल्पून. त्या म्हणाल्या, "शेंदूर कुणी लावला?" आणि हसू लागल्या. दुसरं काही फारसं विचारलंच नाही. याचा अर्थ काय घ्यावा, हे नानांबरोबर सोनगीरला पोचेपर्यंत मला कळेना. तिथला किल्ला मी त्याच चिंतेत पाहिला.

घरी काकू दारातच. "पोचलीस ना? शेंदूर लावला होता म्हणून!"

नानांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मी जेवले, भांडी घासली, अंथरूण घातलं. पण राहवेना. उठून सगळं सांगितलं. काकूंनी नुसता दिवा मालवला. रात्रभर मला वाटत राहिलं, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

जूनमध्ये ट्रंक घेऊन मी पुन्हा त्याच ट्रकमध्ये चढले, या वेळी धुळ्याला राहायला. काकूंनी पाणी घातलं, स्वस्तिक काढलं, झाकणावर टिळा लावला. तेवढाच जाड. मी काही बोलणार, तोच त्यांनी अंबाड्यातली पिन काढली, टिळ्याच्या मधोमध घातली आणि फिरवली.

"हं," झाकणाला म्हणाल्या, "घे आता हवा."