त्रुटी काढणारी बाई

नोकरीत असताना मी फार प्रामाणिक होते. इतकी, की ऑफिसचा जिनासुद्धा मान वर करून चढायचे आणि महिन्यातून एकदा तरी ठेचकाळायचे. तेव्हा माझी नुकती पन्नाशी उलटली होती, म्हणजे आताच्या मानाने मी तरुणच.

ऑफिस कुठलं ते सांगत नाही. धुळ्यात ऑफिसं पुष्कळ आहेत. माझं टेबल गौण खनिजाचं, म्हणजे दगड, मुरूम, वाळू. जमिनीतून यातलं काही काढून विकायचं तर परवाना लागतो, आणि परवान्याचा अर्ज माझ्यापुढे यायचा. माझं माहेर सावद्याकडचं, केळीच्या बागेतलं. दगडाशी ओळख पायाला लागण्यापुरती. पण कागद कळायचा. नकाशावर उत्तर दिशा नाही, अर्ज परत. ठरावावरचा शिक्का पुसट, अर्ज परत. आणि एका वेळी एकच त्रुटी काढायची, ही आमच्याकडची रीत. पहिली दुरुस्त होऊन आली की दुसरी. मी ती देवपूजेसारखी पाळायचे.

त्या वर्षी पिंपळनेरच्या पलीकडून एक आबा यायला लागले. साठीचे, काटक, दगड फोडून बोटं जाड झालेली. त्यांच्या गावातली सात-आठ घरं एका शेठच्या खडी क्रशरवर कामाला जायची. आबांची स्वतःची थोडी जमीन होती, उतारावरची. तिच्यात गवतही धड उगवत नव्हतं, नुसता काळा दगड. तो काढायचा परवाना मिळाला तर ही घरं आपला दगड आपण विकणार होती. दिवाळीनंतर जवळच रस्त्याचं काम निघणार होतं. परवाना नाही मिळाला, तर नेहमीसारखं ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊसतोडीला.

हे सगळं आबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आबा, नकाशाला स्केल नाही."

चौथ्या खेपेला ते कागद न काढता नुसतेच बसले.

"अक्का, एक गोट सांगू? राग नका धरा."

"सांगा."

"तुम्ही पैसा लेतस नही."

"नाहीच घेत," मी ताठ.

"बठ्ठास्ले माहीत शे. आमना शेठले बी माहीत शे." आबा हसले. "तो काल क्रशरवर सांगे, त्या बाईवर मना एक रुपया खर्च व्हत नही. खर्च व्हस तो मोठा बाबूवर. नवा माणूसना अर्ज उना का बाबू तो बाईना टेबलवर धाडस. मंग बाई शे आनि अर्ज शे."

म्हणजे शेठ आमच्या मोठ्या बाबूला, हेडक्लार्कला, पैसे द्यायचा, ते नव्या लोकांचे अर्ज माझ्याकडे पाठवण्याबद्दल. पुढचं काम मी फुकट करायचे.

"आबा, तोंड सांभाळा!" मी ओरडले, आणि त्याच रागात आणखी एक त्रुटी काढून त्यांना परत पाठवलं.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते पोट धरून हसले. "अगं, लोक पैसे घेऊन अर्ज अडवतात. तू तत्त्वासाठी अडवतेस. त्या बाबूला अशी बाई कुठं मिळणार?" मी दोन दिवस त्यांना भाजी कमी वाढली.

तिसऱ्या दिवशी आवक-जावकची वही काढून बसले. शेठच्या मुदतवाढीचे सगळे अर्ज आमच्याच खात्यातल्या समोरच्या टेबलावर गेलेले आणि आठवड्यात मंजूर. नवे अर्ज एकूण एक माझ्याकडे. नवा परवाना जितका लांबेल, तितके महिने आजूबाजूच्यांनी शेठच्या भावानं खडी घ्यायची आणि आबांच्या गावानं शेठच्या मजुरीवर ती फोडायची. मोठ्या बाबूंना आम्ही नाना म्हणायचो. ते चारचौघांत म्हणायचे, "आमच्या अक्कांसारखं बारीक काम कुणाचं नाही." आणि मी लाजायचे. लाजायचे हो!

आबांना निरोप धाडला. आले तेव्हा उरलेल्या सगळ्या त्रुटी एकाच कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवल्या. निम्म्या तर मी पुढच्या खेपांसाठी मनात राखून ठेवलेल्या होत्या.

"इतल्या?" आबा म्हणाले. "मंग पयलेच सांगी देता ना, अक्का."

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. दोघांनी बसून दुपारपर्यंत सगळ्या दुरुस्त केल्या. नाना टेबलाशी येऊन उभे राहिले. "अक्का, एवढी घाई? एकेक येऊ द्या की."

"नाना, माझं वय झालं आता," मी म्हणाले आणि फाईल, वर ती वही, घेऊन थेट साहेबांकडे गेले. साहेबांनी वही चाळली, माझ्याकडे पाहिलं, वही मिटली. परवान्यावर मात्र सही झाली.

पण तोवर दिवाळी होऊन गेली होती.

परवाना मी स्वतःच नेऊन दिला, रविवारी, एसटीनं. आबांच्या गावात चार घरांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. ट्रक आदल्या आठवड्यातच गेला होता. आबा तीन घरांना घेऊन मागे थांबले होते, माझ्या भरवशावर. त्यांनी कागद न वाचताच तिकडे उसाच्या फडावर फोन लावला आणि ओरडले, "परवाना उना!" पलीकडे गलका झाला. मग एका बाईचा आवाज आला, "आते?"

आत्ता येऊन काय उपयोग, असं तिचं म्हणणं. आबांनी फोन बंद केला. उचल घेऊन ट्रकनं गेलेला माणूस हंगाम संपल्याशिवाय परत येत नाही, हे मलाही माहीत होतं.

त्यांच्या बायकोनं विचारलं, "हाऊ कागद कव्हयलोंग चाली?"

"मार्चपर्यंत," मी म्हणाले. तिनं बोटांवर महिने मोजले. ऊसवाले परत येणार, तेव्हाच मुदत संपणार.

"मंग मुदतवाढना अर्ज आतेच लिखी द्या," आबा म्हणाले. माझ्यावर चिडायचं सोडून त्यांनी मला बसायला एक सपाट दगड पुसून दिला. पर्समधला कोरा कागद मांडीवर घेऊन मी लिहायला बसले. मुदतवाढ कुणासाठी हवी ते दाखवायला ऊसतोडीला गेलेल्या चार घरांची नावं आबा एकेक करून सांगत होते. बायकांचीही सांगा, म्हटलं, फोडतात तर त्याही. मग यादी लांबली आणि मला दुसरा कागद काढावा लागला.