हॉल दुरुस्त झाला

"आज गळती उजवीकडे आहे. सासूबाई, तुम्ही डावीकडून एंट्री घ्या."

तालमीच्या हॉलमध्ये शिरताच आमचे दिग्दर्शक काका आधी छताकडे बघायचे, मग आमच्याकडे. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांमधला तो सामुदायिक हॉल आमच्या मराठी नाटकमंडळाला फुकट मिळायचा, कारण दुसऱ्या कोणाला तो नकोच असायचा. पात्रांच्या जागा गळतीवर ठरायच्या. पावसाळ्यात बसवलेलं नाटक हिवाळ्यात करताना कोरड्या स्टेजवरही आम्ही वळसे घालून चालायचो. प्रेक्षकांना वाटायचं, काकांनी काहीतरी नवं केलंय.

काका एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील, नोकरी संपते पण फाईल सुटत नाही. हॉलच्या दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालत होते. विचारलं की उत्तर ठरलेलं, "हलतेय. हळू हलतेय, पण हलतेय." मी ऑफिस सुटल्यावर मेट्रो बदलत दमून पोचायचो आणि ते ऐकून आणखी दमायचो.

मग स्थानिक कलामंडळांच्या जागा सुधारायला अनुदान देणारी एक योजना निघाली. काकांनी प्रस्ताव लिहून आम्हाला वाचून दाखवला. त्यात नाटकाबद्दल जेमतेम एक परिच्छेद होता. बाकी सगळं, हा हॉल विभागीय प्रशिक्षण आणि बैठकांसाठीही कसा उपयोगी पडेल, याबद्दल.

"काका, इथे कोण येणार बैठका घ्यायला?" शिंदेबाईंनी विचारलं. बाई म्हणजे कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदारांच्या पत्नी आणि आमच्या कायमच्या सासूबाई.

"कोणी नाही हो. पण नुसत्या नाटकासाठी फाईल कोण उचलतो? असंच लिहावं लागतं. जन्मभर हेच केलंय मी."

पाहणीला आलेल्या साहेबांनी चहा घेतला, छत पाहिलं आणि म्हणाले, "प्रपोज़ल बहुत अच्छा है जी. बिल्कुल हो जाएगा." आणि खरंच झालं. गळती थांबली. गालिचा आला, एसी आला. स्टेज काढून तिथे मोठा स्क्रीन लावला आणि खुर्च्या जमिनीला पक्क्या ठोकल्या. उद्घाटनाला काका इस्त्रीचा कुडता घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. स्टेज गेलेलं त्यांना दिसलंच असणार.

पुढच्या आठवड्यात तालमीला गेलो तर आत कुठल्याशा खात्याचं प्रशिक्षण चालू होतं. नंतर अर्ज केला, तेव्हा कळलं की हॉल प्रशिक्षण आणि बैठकांसाठी राखीव आहे. काकांच्या प्रस्तावातलीच भाषा होती ती.

मग आम्ही गाझियाबादला, माझ्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये तालमी करू लागलो. गाडी आली की प्रवेश थांबायचा, गाडी लागली की पुढे सुरू. काका इतक्या लांब यायचे आणि पालथ्या बादलीवर बसायचे. "हलतेय" म्हणणं त्यांनी सोडून दिलं होतं.

एकदा मला म्हणाले, "फक्त नाटकासाठी हवाय असं लिहायला हवं होतं, नाही?"

"मग छत गळतच राहिलं असतं, काका."

"गळू द्यायचं होतं की."

त्यांचा तो पडलेला आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. मी चहा आणायला वर गेलो.

त्या हिवाळ्यात धुरकं फार होतं. काकांचा खोकला छातीत उतरला आणि ते गेले.

शोकसभेसाठी विचारलं, तर हॉल लगेच मिळाला. क्लार्क म्हणाला, "कंडोलेंस मीटिंग है ना? मीटिंग के लिए तो मिल जाता है." उद्घाटनानंतर पहिल्यांदाच आमचं सगळं मंडळ तिथे जमलं. शिंदेबाई उठल्या, स्क्रीनपुढे उभ्या राहिल्या आणि काकांबद्दल बोलू लागल्या. इतक्या वर्षांची सवय, आवाज आपोआप खणखणीत लागला. हातही उचलले गेले.

दारातून गार्ड धावत आला. "मैडम, धीरे. यहाँ नाटक अलाउड नहीं है."

बाईंनी हात खाली घेतले आणि उरलेलं आमच्यापुरतं, हळू आवाजात सांगितलं.