काच धुतलेलं पाणी

रेक्टर मॅडमनी माझं ताट चिमट्यानं उचललं. भरलेलं ताट. सगळ्या मेससमोर ते त्यांनी दाराबाहेर ठेवलं, कुत्र्यापुढे ठेवतात तसं.

"तुझा रिपोर्ट आलाय. टीबी. आत्ताच्या आत्ता सामान भर." मग इतर मुलींकडे वळून म्हणाल्या, "हे लोक डोंगरातून काय काय घेऊन येतात, देव जाणे."

कुणी तोंडाला ओढणी लावली. माझ्या शेजारची, रोज माझ्या बरणीतलं लोणचं खाणारी मुलगी, बाकावरून उठून लांब जाऊन बसली. मी बसले होते तिथं फिनेल ओतलं. मी अजून तिथंच उभी होते. फिनेल माझ्या पायांवर आलं.

मी शिरपूरकडची. सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा पाडा. तिथून नर्सिंगला गेलेली मी पहिलीच. हॉस्टेलच्या भिंतीला लागून कापसाचा जिनिंग कारखाना. हंगामात कापसाची धूळ खिडक्यांतून आत यायची, सगळ्याच मुली खोकायच्या. पण बेडका तपासायला पाठवलं फक्त आम्हा दोघींना. मला आणि सुनीताला. दोघी पाड्यावरच्या. लॅब आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरीच्या जावयाची. दोघींना टीबी निघाला, तिलाही घरी पाठवलं.

बा न्यायला आला. तो आधी मला घेऊन लॅबमध्ये गेला. "पुन्हा एकदा तपासा," म्हणाला. मागच्या मोरीत एक माणूस काचा धूत होता. बेडका फासलेल्या, रंग लावलेल्या काचा. शेजारी उघडी गटार. पाण्याच्या ड्रमला आतून हिरवा बुळबुळीत थर, वर मेलेलं झुरळ तरंगत होतं. त्यातच प्लास्टिकचा मग बुडवून तो काचांवर पाणी ओतत होता.

"हाई पानी आमना ढोरंबी पेत नहीत," बा म्हणाला.

लॅबवाला हसला. "तुम्हाला काय कळतं यातलं? रिपोर्ट बरोबर आहे. तुमच्या लोकांत हा रोग असतोच."

बानं माझा हात धरला. मला एसटीत बसवलं आणि सरळ धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं नवीन बेडका घेतला, मशीनवर तपासला, छातीचा फोटो काढला. डॉक्टर बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या.

"टीबी नाहीये. खोकला धुळीचा आहे," त्या म्हणाल्या. मी ड्रमचं सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "घाण पाण्यात दुसरेही जंतू असतात. रोग न करणारे. काचेवर आले की तोच रंग धरतात, टीबीसारखेच दिसतात. त्या पाण्यानं काचा धुतल्या, तर रिपोर्ट पेशंटचा की ड्रमचा, कुणी सांगायचं?"

बेडका माझा. रोग त्यांच्या पाण्याचा. आणि हाकलली मी.

धुळ्याचा रिपोर्ट कळल्यावर रेक्टर मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. बसायला सांगितलं. चहासुद्धा मागवला.

"होते चूक कधीकधी. आता तू स्वच्छ आहेस, ये परत. पण लॅबचं कुठं बोलू नकोस. सुनीताला तर मुळीच नको. उगाच गोंधळ."

स्वच्छ. त्या शब्दानं माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. येईपर्यंत मी खूश होते, हे आधी सांगते. मला रोग नाही, आता कुणी मला हाकलू शकत नाही, असं वाटत होतं. त्या खुर्चीत बसल्यावर उजेड पडला.

"म्हणजे टीबी असता तर मी घाण होते?" मी विचारलं. "तुम्ही आम्हाला नर्सिंग शिकवता ना मॅडम? पेशंटचं ताट चिमट्यानं उचलायचं, कुठल्या धड्यात आहे?"

"फार जीभ चालायला लागली. वर्ष वाया जाईल तुझं."

"जाऊ दे."

चहा तसाच ठेवून मी मेसमध्ये गेले. जेवणाची वेळ होती. ड्रमचं, झुरळाचं, धुळ्याच्या रिपोर्टचं, सगळं मोठ्यानं सांगितलं. कुणी मान वर केली नाही. वॉचमननं दंडाला धरून मला गेटबाहेर काढलं. तिथून मी सुनीताच्या पाड्यावर गेले.

ती गोठ्याशेजारी खाटेवर होती. डोळे हळदीसारखे पिवळे. त्या रिपोर्टवर कुठल्याशा खाजगी डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या चालू केल्या होत्या. पोटात काही ठरत नव्हतं, तरी ती गिळत होती. ठरलेलं लग्न मोडलं होतं. आई तिला चुलीजवळ येऊ देत नव्हती.

"तुले बी तोच रोग शे ना?" तिनं विचारलं.

"माले नही. तुले बी नसू शकतो. ऊठ."

तिला धुळ्याला नेलं. तिलाही टीबी नव्हता. कावीळ त्या गोळ्यांनीच झाली होती; डॉक्टर बाईंनी त्या बंद केल्या. कावीळ उतरायला फार दिवस लागले. मोडलेलं लग्न पुन्हा जुळलं नाही. माझं वर्ष गेलं. दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात करून मी नर्स झाले.

आम्ही दोघींनी तक्रार केली. लॅबवाल्यानं भिंती रंगवल्या, दारावर नवी पाटी लावली. मागची मोरी तशीच आहे. मी जाऊन पाहिली.

आता कुठं चौकशी लागली आहे. परवा रेक्टर मॅडमचा निरोप आला, "समजुतीनं घे. झालं गेलं विसर." मला त्यांची माफीही नको. मी सुनीताला घेऊन चौकशीला जाणार, आणि ज्यांना ज्यांना त्या लॅबनं रोगी ठरवलं, त्यांना दारोदार जाऊन उठवणार. सगळ्यांची तपासणी दुसरीकडे झाल्याशिवाय आणि त्या मोरीला कुलूप लागल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.