काच निवडणारी पुतळाबाई

विंचूरजवळच्या त्या कारखान्यात फुटक्या बाटल्या भट्टीत वितळवतात, त्या काचेचे कापसासारखे तंतू काढतात आणि गाद्या करतात. इमारतीच्या छपराखाली त्या घातल्या की उन्हाची धग आत शिरत नाही. पुतळाबाईच्या स्वतःच्या घरावर मात्र उघडा पत्रा. असो.

त्या भट्टीला कपबशीचा तुकडा चालत नाही. तो वितळत नाही, तंतू काढायच्या बारीक भोकांत अडकतो आणि काम बंद पाडतो. म्हणून सरकत्या पट्ट्यापाशी अकरा बाया काच निवडत. दुधी काच आणि कपाचा तुकडा दिसायला अगदी सारखे. पण पुतळाबाईला ते पट्ट्यावर पडतानाच्या आवाजावरून कळायचं. हे कसब तिला यशोदाबाईनं शिकवलं. नवरा गेला तेव्हा पुतळाबाई सहा महिने घराबाहेर पडली नव्हती. शेजारच्या यशोदाबाईनं तिला हाताला धरून कारखान्यात नेलं आणि मुकादमाला सांगितलं, "माझ्या जबाबदारीवर घ्या." तेव्हापासून नऊ वर्षं दोघी शेजारी उभ्या राहायच्या, एकाच डब्यात जेवायच्या.

मग कारखाना वाढवायचं ठरलं. दुसरी भट्टी, नवी शेड आणि कॅमेऱ्यानं काच निवडणारं यंत्र. बाहेरचे साहेब पाहणीला आले, तेव्हा मॅनेजर सोमनाथसाहेबांनी पुतळाबाईला पुढं केलं. तिचे डोळे बांधून वीस तुकडे पट्ट्यावर टाकले. तिनं वीसच्या वीस ओळखले. टाळ्या पडल्या, पुतळाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "यंत्रातून सुटलेलं निवडायला किती बायका लागतील?"

"किती कशाला? म्या एकटी बास हाय!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाईला वाटलं, कौतुकच चाललंय अजून. साहेबांनी ते लिहून घेतलं. मागं यशोदाबाईही हसून टाळ्या वाजवत होती.

नव्या शेडच्या उद्घाटनाचा नारळ फुटला आणि दुसऱ्याच दिवशी दहा जणींचं काम गेलं. पुतळाबाई धावत मॅनेजरकडं गेली. "साहेब, म्या उगंच बोलले व्हते. दोघी तरी लागत्याच."

"बाई, तुमच्याच शब्दावर मंजूर झालंय. आता वरून बदलत नाही," सोमनाथसाहेब म्हणाले. वाईट त्यांनाही वाटलं असावं, पण ते काही उपयोगाचं नव्हतं.

पुतळाबाई नव्या पट्ट्यापाशी एकटीच उभी राहू लागली. तिथं यंत्राचा असा खडखडाट, की तुकड्याचा आवाज कानावर येतच नाही. आता ती सगळ्यांसारखी डोळे ताणून निवडते, आणि चुकते.

यशोदाबाई कांद्याच्या खळ्यावर रोजानं कांदे निवडायला जायला लागली. पुतळाबाई तिला टाळायची. मागच्या बोळातून निघायची, की समोरासमोर जयभीम घालायची वेळ येऊ नये. असे दोन महिने गेले. शेवटी एका रविवारी न राहवून ती तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"यशोदाताई, माझ्या तोंडानं घात केला गं तुझा."

यशोदाबाईनं तिला आत घेतलं, बसायला पाट दिला, चहाचं आधण ठेवलं. रागावली नाही, रडली नाही. चहा गाळता गाळता एवढंच म्हणाली,

"मला इचारलं असतं, त म्या दोघी म्हन्ले असते."