मध्यंतराआधीचा प्रसंग

पेठेतलं ते जुनं चित्रपटगृह बरीच वर्षं बंद होतं. मालकांनी ते पाडलं नाही, दुरुस्त केलं. गेल्या हिवाळ्यात ते पुन्हा सुरू झालं आणि रविवारी सकाळी तिथे जुने मराठी चित्रपट लागू लागले. आईनं त्यातला एक निवडला आणि मला तिघांची तिकिटं काढायला सांगितली.

"खुर्च्या मधल्या बघ," ती म्हणाली. "कडेला बसले की ते उठतात."

ते म्हणजे बाबा. लग्नानंतरचे बहुतेक चित्रपट आई-बाबांनी याच ठिकाणी पाहिले. बाबांची पद्धत ठरलेली होती. मध्यंतर जवळ आलं की डोअरकीपर दारांवरच्या जाड पडद्यांपाशी येऊन उभे राहत. ते दिसले की बाबा उठत. कँटीनमधला बटाटेवड्यांचा पहिला घाणा रांगेत पुढे असलेल्यांनाच मिळे आणि दुसरा निघेपर्यंत चित्रपट पुन्हा सुरू झालेला असे. वडे घेऊन परत आले की बाबा विचारत, "काय झालं?" मग आई सांगे. त्यामुळे मध्यंतराआधीचा प्रसंग बाबांनी इथे एकाही चित्रपटात पाहिलेला नाही. सहसा तोच महत्त्वाचा असतो.

या चित्रपटातला तो प्रसंग आईचा विशेष आवडता. घर सोडून निघालेल्या सुनेला सासू दारात गाठते आणि एक शब्द न बोलता आपली शाल तिच्या खांद्यांवर टाकते. हा चित्रपट दोघांनी अनेकदा पाहिला आहे. तेवढ्याच वेळा आईनं तो प्रसंग बाबांना सांगितला आहे.

"एकदा माझ्या शेजारी बसून बघा, एवढंच म्हणणं आहे माझं," कात्रजहून येताना रिक्षात ती म्हणाली. "वडे आता जागेवर आणून देतात. ही मोबाइलवरून मागवेल."

"बसतो की. मला काय वड्यांचं एवढं वेड आहे?"

आई रिक्षाबाहेर बघत राहिली.

दुरुस्तीचं काम नीट झालं आहे. खुर्च्यांच्या गाद्या नव्या आहेत, पण लोखंडी बाजू आणि त्यांवरचे रंगवलेले आकडे जुनेच ठेवलेत. फरशी घासून मूळ रंगावर आणली आहे. भिंतीवरची पाटी नव्यानं रंगवलेली दिसली: 'पुढच्या खुर्चीवर पाय ठेवू नयेत. तिथे माणूस बसतो.' बाबांनी ती वाचली आणि समाधानानं मान हलवली. आईनं बाबांना आमच्या दोघींच्या मध्ये बसवलं. चित्रपट सुरू होताच मी वडे मागवून ठेवले.

सून पेटी भरू लागली तेव्हा उजवीकडच्या दाराच्या पडद्यापाशी डोअरकीपर येऊन उभा राहिला. बाबा उठले.

"अहो!"

"आलोच."

ते लोकांच्या गुडघ्यांना धडकत रांगेबाहेर निघाले. मागून एक गृहस्थ म्हणाले, "काका, तिकीट पिक्चरचं काढलंय आम्ही. आपल्या पाठीचं नाही."

मोकळ्या झालेल्या खुर्चीवर आईनं पर्स ठेवली, पूर्वी ठेवायची तशी.

बाबांना एक गोष्ट माहीत नव्हती. सगळेच मोबाइलवरून मागवत असल्यामुळे कँटीनपुढे आता रांग नसते. पडद्यावर सून उंबऱ्याकडे निघाली तेव्हा दाराकडून उजेडाची फट पडली म्हणून मी मागे पाहिलं. बाबा वड्यांची बशी घेऊन परत आले होते. पुन्हा सगळ्यांचे गुडघे ओलांडायचा त्यांना संकोच वाटला असावा. ते डोअरकीपरच्या शेजारी उभे राहिले. डोअरकीपरनं स्टूल पुढे केलं, ते त्यांना दिसलंच नाही. ते पडद्याकडे बघत होते.

मी आईला सांगायला वळले. तीही मागेच बघत होती. सासू दारात आली, शाल देऊन झाली, सभागृहात कोणीतरी नाक ओढलं. आईची मान तशीच वळलेली होती.

दिवे लागले. बाबा जागेवर आले आणि सवयीनं म्हणाले, "काय झालं?"

"मला काय माहीत?" आई म्हणाली. "मी दाराकडे बघत होते. तुम्ही सांगा."

बाबांनी बशी तिच्या हातात दिली. "सासू आली. शाल दिली."

"एवढंच? मी इतकी वर्षं एवढंच सांगत होते का?"

बाबा विचार करत बसले. मी मागवलेले वडेही आले, ते मी मांडीवर ठेवले. "देण्याआधी तिनं ती शाल झटकली," ते म्हणाले. "कपडा दुसऱ्याला देताना झटकतात तशी. हे तू कधी सांगितलं नाहीस."

"झटकते?"

"झटकते. मग घडी मोडते, आणि सून मागे सरते. थांब, क्रमानं सांगतो."

दिवे मालवले, उत्तरार्ध सुरू झाला. बाबा हळू आवाजात पेटी भरण्यापासून सांगत होते. मागचे गृहस्थ एकदा खाकरले, मग गप्प राहिले. आईनं वड्याचा एक घास घेतला होता. उरलेला वडा हातात तसाच धरून ती ऐकत होती.