बोटाला लागलेला चेंडू

लग्नाला जाताना खिशात शिट्टी आणि तीन रंगांची कार्डं घेऊन निघणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मावशीचा नवरा असावा, हे माझं नशीब. नात्याने ते माझे मावससासरे. पण त्या नावाने कुणाला हाक मारता येत नाही, म्हणून मीही बायकोसारखं 'काका'च म्हणतो. काका व्हॉलीबॉलचे पंच. ओझरच्या विमान कारखान्यातून ते केव्हाच निवृत्त झाले. पंचगिरीतून झाले नाहीत आणि ती मैदानापुरती ठेवावी असंही त्यांना कधी वाटलं नाही. माझी त्यांची पहिली ओळख माझ्याच लग्नात झाली. मी पाटावर उभा, समोर अंतरपाट, मंगलाष्टकं सुरू झालेली, आणि हा उंच, सडसडीत गृहस्थ गर्दीतून पुढे येऊन डोळा बारीक करून अंतरपाटाकडे बघतोय. "डावीकडून चार बोटं खाली आहे," ते म्हणाले. गुरुजी म्हणाले, "अहो, मुहूर्त चाललाय!" काका शांतपणे म्हणाले, "चालू दे. नेट झुकलेलं असताना मी कधी सामना सुरू केलेला नाही." शेवटी माझ्या मेव्हण्याने डावा हात उंचावला, काकांनी मान डोलावली आणि मग माझं लग्न लागलं.

घरातही हाच प्रकार. इंदिरानगरच्या त्यांच्या घरामागे कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या आहेत. एक बरोबर दोन मीटर चोवीस सेंटिमीटरवर, म्हणजे बायकांच्या नेटच्या उंचीवर, आणि दुसरी दोन त्रेचाळीसवर, पुरुषांच्या. मावशी जेमतेम पाच फुटांच्या. त्या काठीने साड्या टाकतात आणि काकांचे शर्ट काकांनाच टाकायला लावतात. पिवळं आणि लाल कार्ड सदऱ्याच्या डाव्या खिशात. मीटर न टाकणाऱ्या रिक्षावाल्याला पिवळं, रांग मोडणाऱ्याला पिवळं, सोसायटीच्या चेअरमनला तर वार्षिक सभेत दोनदा लाल. मावशींना एकदाच पिवळं दाखवलं, चहाला उशीर झाला म्हणून. त्यांनी ते हातातून काढून घेतलं, त्यावर गरम पातेलं ठेवलं आणि म्हणाल्या, "आता बोला." कार्डावरचा तो काळा गोल डाग अजून आहे.

तिसरं कार्ड हिरवं. हल्ली परदेशातल्या मोठ्या सामन्यांत ते आलंय, असं काकांनी टीव्हीवर पाहिलं होतं. नेटवर उडी मारून ब्लॉक करताना चेंडू बोटाला पुसटसा लागून बाहेर जातो, म्हणजे गुण समोरच्यांचा. पंचाला दिसत नाही, लाईनमनला दिसत नाही. लागला हे फक्त त्या बोटाच्या मालकाला ठाऊक असतं. अशा वेळी खेळाडूने आपणहून सांगितलं, की पंच त्याला हिरवं कार्ड दाखवतो. सांगायची खूणही ठरलेली, एक पंजा उभा धरायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या टोकांवरून फिरवायची. काकांनी एका जुन्या फाईलच्या पुठ्ठ्यातून हिरवं कार्ड कापून घेतलं, पण ते खेळाडूंसाठी नव्हतं. "ज्या दिवशी आपल्या संघटनेतला एखादा पदाधिकारी उभा राहून 'हो, हे माझ्या हातून झालं' म्हणेल, त्या दिवशी हे बाहेर काढीन," असं ते म्हणत. ते कार्ड इतके दिवस उजव्या खिशात होतं की शर्ट बदलले तरी त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कारखान्यातून आलं. तिथे ते तपासणी खात्यात होते. विमानाचा एक साधा स्क्रू घ्या, तो कुणी केला, कुणी तपासला, कुणाच्या शिक्क्याने पुढे गेला, सगळं सांगता येतं. काकांना वाटे, देश चालवायचा तर असाच चालवायला हवा, आणि ते जमत नसेल तर निदान व्हॉलीबॉल. पण आमच्या देशातल्या व्हॉलीबॉलचं असं झालं होतं की वरची संघटना फुटून तिच्या दोन झाल्या होत्या. दोन्हींचं नाव तेच, बोधचिन्ह तेच. एकीने राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली की दुसरीही त्याच तारखांना दुसऱ्या गावात जाहीर करी. वर दोन म्हणून राज्यात दोन, राज्यात दोन म्हणून जिल्ह्यात दोन. आमच्याकडे एका गटाचे अध्यक्ष द्राक्षबागायतदार आणि दुसऱ्याचे अध्यक्ष मंगल कार्यालयाचे मालक, आणि दोघे एकमेकांचे व्याही. बागायतदारांनी एका स्पर्धेचं उद्घाटन केल्याचा फोटो पेपरात आला. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेला. काकांनी तो कापला, चेंडूभोवती लाल गोल काढला, खाली लिहिलं, 'चेंडू पकडला आहे. फाऊल,' आणि रजिस्टर पोस्टाने अध्यक्षांना पाठवून दिला.

पत्रं ही त्यांची दुसरी पंचगिरी. दर सोमवारी एक पत्र, तेही वरच्या दोन्ही संघटनांना, कारण एकीलाच लिहिलं तर पक्षपात झाला असता. प्रश्न साधे असत. निवड कुणी केली? सही कुणाची? मुलींना आरक्षण नसलेल्या डब्यातून कुणी पाठवलं? उत्तर येई, 'आपले पत्र योग्य त्या समितीकडे पाठविण्यात आले आहे.' काका विचारत, समितीवर कोण आहे? उत्तर येई, 'समिती स्थापन व्हावयाची आहे.' शेवटी त्यांच्यापैकी एका संघटनेने कंटाळून एक हुशारी केली. समिती स्थापन केली आणि तिचे एकमेव सदस्य म्हणून काकांनाच नेमलं. पुढच्या आठवड्यात पोस्टमनने काकांच्याच सगळ्या तक्रारींचा गठ्ठा काकांच्या दारात आणून ठेवला. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. काकांनी समितीच्या वतीने स्वतःला पोच दिली, ती रजिस्टर पोस्टाने पाठवली, ती आली तेव्हा दारात स्वतःच सही करून ताब्यात घेतली, आणि मग 'तक्रारदार माझ्या अगदी जवळचा असल्यामुळे' सदस्यत्वाचा राजीनामा दिला. पोस्टमन मला म्हणाला, "साहेब, काकांची तब्येत बरी आहे ना?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण त्यात एक मुलगी सापडली. हरसूलची. तिचं नाव इथे सांगत नाही, काका तिला 'चार नंबर' म्हणत, कारण ती नेटवर चार नंबरच्या जागेवरून मारायची. बाप शेती करतो आणि आठवडी बाजारात भाजी घेऊन बसतो. काका निवृत्तीनंतर शाळांची मैदानं हिंडत असत, त्यात ही त्यांना सापडली, आणि मग दर रविवारी एसटीने हरसूलला जाऊन तिला शिकवणं हा त्यांचा नेम झाला. तिला पोलिसात जायचं होतं. खेळाडूंसाठीच्या जागांत बसायला राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिच्या खेळाला ते कठीण नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की दोन राष्ट्रीय स्पर्धांपैकी कुठल्या? जिल्ह्यातल्या दोन्ही गटांनी निवड समिती मात्र एकच ठेवली होती आणि तिचे प्रमुख काका. त्यांच्यासमोर दोन परिपत्रकं होती. काकांनी दोन्ही तीन दिवस वाचली. एकात मुलींच्या नेटची उंची दोन त्रेचाळीस छापलेली होती, चेंडूच्या हवेचा आकडाही चुकला होता. दुसऱ्यात मात्र एकही चूक नव्हती, अगदी नेटच्या कडांना उभ्या लावतात त्या अँटेनाच्या पट्ट्यांपर्यंत. "ज्यांना नेट किती उंच ते माहीत नाही, ते व्हॉलीबॉलची संघटना असूच शकत नाहीत," काका म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या परिपत्रकाखाली सही करून मुलींना तिकडे पाठवलं. मी म्हटलं, "काका, सरकारची मान्यता कुणाला आहे ते एकदा विचारा ना." ते म्हणाले, "नियम ज्याचे बरोबर, मान्यता त्यालाच असणार. नाहीतर मान्यता द्यायची कशाला?" असा हिशेब फक्त काकाच करू शकत.

मुलगी सुरेख खेळली. रंगीत, सोनेरी कडेचं प्रमाणपत्र घेऊन आली. आणि काही महिन्यांनी भरतीच्या पडताळणीत ते परत आलं. त्यावर एकच शब्द होता, अमान्य. मान्यता नेट चुकीचं छापणाऱ्यांना होती.

त्याच सुमारास वरच्या दोन्ही गटांनी हातमिळवणी केली, का ते कुणालाच कळलं नाही. मग राज्यात झाली, मग जिल्ह्यात. व्याह्यांनी मंगल कार्यालयात मिसळ ठेवली, एकमेकांना शाली घातल्या, आणि झालं गेलं विसरून जाऊ असं दोघेही म्हणाले. मी काकांच्या शेजारी बसलो होतो. ते मिसळीला शिवले नव्हते. त्यांनी उभं राहून विचारलं, "ज्या मुलींची प्रमाणपत्रं फुकट गेली, त्यांचं काय? चूक कुणाची?" बागायतदार म्हणाले, "आमच्याकडे तर वरून पत्र आलं होतं." कार्यालयवाले म्हणाले, "आता तो जुना विषय कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं, "मुलींनी चौकशी करायला पाहिजे होती." आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मला वाटलं आता लाल कार्ड निघणार. काकांचा हात खिशाकडे गेलाही होता. मग तो तिथेच थांबला. त्यांनी डावा पंजा उभा धरला आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या टोकांवरून सावकाश फिरवली. सभेत फारसं कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. "परिपत्रकाखाली सही माझी आहे," ते म्हणाले. "मान्यता मी तपासली नाही. चेंडू माझ्या बोटाला लागलाय. लिहून घ्या." इतकी वर्षं पत्रांना उत्तर न देणारी संघटना त्या दिवशी कमालीची तत्पर झाली. पाच मिनिटांत ठराव झाला, सगळा दोष निवड समितीच्या प्रमुखांचा, त्यांना पंचांच्या यादीतून कमी करण्यात यावे. सूचक एक व्याही, अनुमोदक दुसरे. ठरावाला टाळ्या पडल्या आणि मिसळीचं दुसरं वाढप सुरू झालं. मला संताप आला होता. बाहेर आल्यावर मी काकांवरच चिडलो. "तुम्हाला काय गरज होती? तिथे सगळ्यांच्याच बोटाला लागला होता!" काका चपला शोधत म्हणाले, "असेल. पण माझ्या बोटाचं मला माहीत आहे ना."

पुढच्या रविवारी ते हरसूलला निघाले. मावशींनी मला बरोबर धाडलं. म्हणाल्या, "ते तिथे रडतील आणि कुणाला कळणार नाही." बाजाराचा दिवस होता. तिचा बाप भाजीच्या पाट्यांमागे बसलेला, ती वजनं करत होती. काकांनी रस्त्यात उभं राहून सगळं सांगितलं, सहीसकट. बाप ऐकून घेऊन म्हणाला, "सर, तुमी इथवर आला, लय झालं. बाकीचं तर फोनबी उचलत नाय." पण मुलगी तशी सोडणारी नव्हती. "म्हंजे माझं यंदाचं गेलंच ना?" तिने विचारलं. "गेलं," काका म्हणाले. "तुमी तर म्हनायचे, आधी नेट मोजावं, मंग उडी मारावी." काका म्हणाले, "हो." तिने ताजवा खाली ठेवला आणि ती पाठ फिरवून निघून गेली. काकांनी मला काही बोलू दिलं नाही.

आम्ही स्टँडवर येऊन बसलो. बसला वेळ होता. काका शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. मला त्या क्षणी ते फार म्हातारे दिसले, आणि फार आवडले. एवढ्यात ती आली, अजून रागातच. समोर उभी राहिली. "सर, तुमचं ते हिरवं कार्ड कुठं हाय?" काकांनी ते खिशातून काढून दिलं. तिने ते घेतलं, दोन पावलं मागे गेली आणि हात उंच करून त्यांनाच दाखवलं. बाजाराला आलेल्या बायका बघत राहिल्या. काकांचा चेहरा जरा हलला, पण ते पंच होते. "कोपर सरळ," ते म्हणाले, "आणि खेळाडूला कार्ड दाखवायचा अधिकार नसतो." ती म्हणाली, "मंग उद्यापासून पळायला लावा. खेळाडूंच्या जागेतून नाय, तर सगळ्यांसंगं भरती होईन."

हल्ली काका दर रविवारी स्टॉपवॉच घेऊन जातात. तिचं आठशे मीटरचं धावणं अजून काही सेकंद कमी पडतंय, आणि काका ते सेकंद मला फोनवर सांगतात. भरतीचं काय होईल, ते मला माहीत नाही. सोमवारची पत्रं चालू आहेत, खाली आता 'पंच' असं लिहीत नाहीत, नुसती सही करतात. परवा एका साखरपुड्याला त्यांनी सवयीने डावा खिसा चाचपला, मग उजवा. उजवा रिकामा होता. मी म्हटलं, "काका, नवीन कापून देऊ का? घरी हिरवी फाईल आहे." खिशावर हात ठेवून ते म्हणाले, "नको. ते तिच्याकडे आहे."