थोरल्या भाऊजींचं ढिलं मशीन

माझे थोरले दीर बत्तीस वर्षं रस्ते खात्यात ऑपरेटर होते. पुढे माती उचलायचं बकेट, मागे खोदायचा लांब हात आणि मध्ये पुढेमागे फिरणारी खुर्ची, असं ते पिवळं मशीन. त्यातली एकवीस वर्षं त्यांनी एकाच मशीनवर काढली. गटारांचे चर, नळांचे चर, तारांचे चर, जे सांगतील ते खणलं. भाऊजींच्या चराची कड दोरी लावल्यासारखी यायची. कड साफ करायला ठेवलेले मजूर फावड्याला टेकून गप्पा मारायचे, कारण त्यांना काम उरायचं नाही.

आणि आमचं घरचं खालचं शेत मात्र दोन वर्षं पाण्यात होतं. शेताच्या वरच्या अंगाने कालवा जातो. त्याला पाणी सुटलं की ते जमिनीखालून झिरपतं आणि या शेतात घोटाभर साचतं. पहिल्या वर्षी पीक पिवळं पडून गेलं. दुसऱ्या वर्षी पेरलंच नाही. उपाय एकच होता, कडेने खोल चर काढून तो खालच्या ओढ्याला जोडायचा. भाड्याचं मशीन आणून पाहिलं, ते बांधावरच रुतलं. त्याचा ऑपरेटर म्हणाला, शेत वाळल्याशिवाय मला बोलावू नका. शेत वाळतं ते कालवा बंद असताना, आणि कालवा बंद असला की आसपासची झाडून सगळी मशीनं कालव्याच्याच दुरुस्तीला. या चक्रात दोन वर्षं गेली.

यंदा जेवता जेवता माझ्या यजमानांनी सांगून टाकलं, "दादा, याही वर्षी पाणी साचलं तर शेत वीटभट्टीवाल्याला द्यायचं. तो माती काढून नेईल."

"माती नेल्यावर मागे काय राहील?"

"काय राहणार, खड्डा."

"मग शेत देतो म्हणू नकोस. खड्डा करतो म्हण," एवढं बोलून भाऊजी ताटावरून उठले.

तिसऱ्या दिवशी त्यांचं ते जुनं मशीन, खात्याने भंगारात काढलेलं, ट्रेलरवर बांधून आमच्या अंगणात आलं. एक चाक बसलेलं, काचा नाहीत, खुर्चीत उंदरांनी संसार थाटलेला. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "माणसं निवृत्त झाली की घरी येतात. यांच्या पाठोपाठ माझी सवतही आली."

कालवा त्या दिवसापासून पस्तीस दिवस बंद राहणार होता. पस्तीस दिवसांत मशीन उभं करायचं आणि चर ओढ्यापर्यंत न्यायचा. भाऊजी म्हणाले, दोन आठवड्यांत मशीन, एका आठवड्यात चर, उरलेले दिवस आराम. मी माझ्या रोजनिशीच्या वहीत त्यांचे शब्द तसेच लिहून ठेवले. आता ती ओळ वाचली की डोकं दुखतं.

मला मशीन आल्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते माझ्या स्वयंपाकघराचं. पीठ चाळायची बारीक चाळणी डिझेल गाळायला गेली ती गेलीच. मोठ्या पातेल्यात नट-बोल्ट रॉकेलमध्ये भिजत पडले. मी विचारलं, "भाऊजी, यात मी उद्या काय शिजवू?" ते म्हणाले, "घासून देतो." अशा चार वस्तू मला घासून मिळायच्या आहेत. सकाळी मी प्रार्थनेला बसले की नेमका तेव्हाच बाहेर घण पडायचा. डोळे मिटून शांतपणे देवाचं नाव घ्यावं, तर तोंडातून निघायचं 'अरे देवा'. तेही नावच म्हणायचं.

त्यात मशीन दुरुस्त करणारा फिटर. माणूस कामाचा पक्का, पण त्याची दहा मिनिटं दुसऱ्या दिवशी संपायची. "वहिनी, चहा ठेवा, निघालोच," असं फोनवर सांगायचा. मी चहा ठेवायची, तो आम्हीच प्यायचो. आठवडाभराने जाऊबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या वाटणीचा चहा पिऊन माझी झोप उडाली आहे. आता याच." तेव्हा तो आला.

आला आणि मशीन पार उघडं केलं. पाईपांना भेगा, मशीन रोवून धरणाऱ्या बाजूच्या लोखंडी पायांच्या जॅकमधून तेल गळतंय, आणि हाताच्या प्रत्येक सांध्यातली पिन झिजलेली. पिन ज्या लोखंडी कड्यात फिरते तो बुश त्याने मला दाखवला. "वहिनी, हे भोक गोल असतं. हे बघा, अंड्यासारखं झालंय. भाऊंनी एवढी वर्षं कसं चालवलं देव जाणे." त्याने लेथवरून नवे पिना-बुश करून आणले आणि हाताच्या मुळापासून लिव्हरच्या दांड्यांपर्यंत सगळीकडे बसवले. भाऊजी स्वतः शेजारी उभे राहून ग्रीस भरत होते आणि खूश होते. जुने पिना-बुश बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून त्यांनी तो डबा माझ्याकडे ठेवायला दिला. लोखंड टाकू नये, म्हणाले.

बाविसाव्या दिवशी मशीन सुरू झालं. तेरा दिवस हातात होते. आम्ही सगळे बांधावर जमलो. भाऊजींनी खुर्ची मागे फिरवली, मशीनचे पाय टेकवले, लिव्हरवर हात ठेवला, आणि मागचा हात असा उसळला की बकेट सरळ बांधात घुसलं. त्यांनी वर घेतलं, तर एकदम आभाळाकडे. डावीकडे वळवलं, तर विहिरीवरून येणारा आमचाच पाईप तुटला. मी भिजले, जाऊबाई भिजल्या. फिटर म्हणाला, "भाऊ, हळू. आता त्यात ढील नाही." भाऊजींचे कान लाल झाले होते.

मग कळलं ते असं. जुन्या मशीनचं लिव्हर चार बोटं सरकलं तरी काही व्हायचं नाही, त्यानंतर हात हलायचा. वर तो हलताना प्रत्येक सांध्यात थोडा लडबडायचा आणि एका अंगाला कलायचा. एकवीस वर्षं भाऊजींच्या हाताने हे सगळं गृहीत धरून काम केलं होतं. किती आधी ढकलायचं, किती आधी सोडायचं, कुठे उलटा झटका द्यायचा, हे त्यांना सांगता आलं नसतं, पण हाताला ठाऊक होतं. आता लिव्हर एक बोट सरकलं की मशीनचा हात उडी मारत होता, आणि भाऊजींचा हात उरलेली तीन बोटं सवयीने ढकलतच होता.

तीन दिवस त्यांनी मातीच्या ढिगावर सराव केला. चार पावलं चर काढून पाहिला तर त्याची कड उंदराने कुरतडलेल्या पुठ्ठ्यासारखी. शेजारचे लोक बघायला यायला लागले. एक जण म्हणाला, "भाऊ, हा चर आहे की साप गेलाय इथून?" पूर्वी याच माणसाने स्वतःच्या नळाच्या चरासाठी भाऊजींची वाट पाहिली होती.

चौथ्या दिवशी ते मशीनवरून उतरले आणि म्हणाले, "हे माझं मशीन नाही."

"तेच आहे, दादा. आता ते सरळ चालतं, एवढाच फरक," यजमान म्हणाले.

"सरळ चालतं तर तू चालव."

"मला येत असतं तर तुमच्या हातापाया पडलो असतो का?"

फिटरने समजूत घातली, "आठ-दहा दिवस द्या, भाऊ, हात बसेल." पण आमच्याकडे दिवसच दहा होते. जाऊबाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षं खात्याचं ऐकलं, आता चार दिवस मशीनचं ऐका." भाऊजी त्यांच्याकडे न बघता माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तो डबा कुठे ठेवलास गं?"

मला त्यांचा बेत कळला होता. मी नाही म्हणायला हवं होतं. यजमानांना हाक मारायला हवी होती. पण बासष्ट वर्षांचा माणूस, भरल्या बांधावर हसं झालेला, माझ्यासमोर हात पुढे करून उभा होता. मी माळ्यावरून डबा काढून दिला. या गोष्टीत माझी चूक कुठे आहे ते मी लपवत नाही.

दोन दिवस खपून त्यांनी सगळे जुने पिना-बुश परत बसवले. हाताची सवय नेमकी कोणत्या सांध्याशी जुळली आहे हे त्यांना सांगता येईना, म्हणून एकही नवा ठेवला नाही. यजमानांना कळलं तेव्हा घरात असा वाद झाला की तो मी वहीत लिहिला नाही. फिटर फोनवर दोन शब्द बोलला आणि त्याने फोन ठेवून दिला.

आणि मग भाऊजी मशीनवर बसले. लिव्हर चार बोटं सरकलं, हात लडबडला, कलला, आणि बकेटचे दात हवे तिथेच मातीत उतरले. त्या सात दिवसांत मी जे पाहिलं त्याला नावं ठेवायची तर जीभ वळत नाही. करकरत, डुलत, तेल ठिबकत ते मशीन पुढे जात होतं आणि मागे चर, दोन्ही कडा सरळ, तळ उतारावर. यजमान रागाने बघायला गेले आणि तासभर तिथेच बसून राहिले. मी देवाचे आभार मानले. जरा घाईच केली.

ओढा चाळीस पावलांवर असताना दुपारी मोठा आवाज झाला. हात मशीनला जोडलेला असतो त्या मुळाच्या सांध्यातला झिजलेला बुश फुटला, पिन तिरकी बसली आणि तिला धरणारं जाड लोखंड उकललं. सगळा हात चरात आडवा पडला. भाऊजींना काही लागलं नाही. ते खुर्चीतच बसून होते, दोन्ही हात लिव्हरवर.

फिटर आला, या वेळी खरंच दहा मिनिटांत. वाकून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हाला जुनी सवय हवी होती ना? लिव्हरच्या दांड्यांतले चार छोटे बुश जुने टाकले असते तरी पुरलं असतं. वजन झेलणारे नवे कशाला काढले? मला विचारायचं तरी." भाऊजी म्हणाले, "तू फोन ठेवलास." दोघांचंही खरं होतं, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

कालवा सुटायला एक दिवस होता. सकाळी उजाडताच चौघांनी फावडी घेतली. माझ्या हाताला लाटण्यापेक्षा जड काही धरायची सवय नाही. दुपारपर्यंत तळव्यांची सालं निघाली. जाऊबाई खणता खणता बडबडत होत्या, "सवत घरी आणली, ती आजारी पडली, आता तिच्या वाटणीचं काम मी करते." भाऊजींना हसू आलं नाही. उजेड जाईपर्यंत चर ओढ्याला टेकला, पण ती शेवटची चाळीस पावलं गुडघ्याएवढीच खोल झाली. बाकीचा चर कमरेएवढा.

दुसऱ्या दिवशी कालव्याला पाणी सुटलं. आठवड्याने झिरपा आला. चरातून पाणी वाहिलं, पण जिथे आमची फावडी लागली तिथे उथळ तळाला अडून मागे तुंबलं. वरचं अर्धं शेत कोरडं राहिलं आणि खालच्या अर्ध्यात पाणी उभं राहिलं, पूर्वीपेक्षा कमी, पण पेरता येणार नाही इतकं. यजमानांनी वीटभट्टीवाल्याला यंदा नको म्हणून कळवलं. पुढच्या वर्षी काय, ते कोणी विचारलं नाही.

आता मशीनचं लोखंड जोडून आणलं आहे आणि फिटरने सगळे नवे बुश पुन्हा बसवले आहेत, लिव्हरचेसुद्धा. भाऊजींनीच तसं सांगितलं. रोज सकाळी ते त्यावर बसून परसात खड्डे खणतात आणि बुजवतात. कड अजून कुरतडलेलीच येते. काल माझी कपडे वाळत घालायची दोरी खांबासकट गेली.

मी म्हटलं, "भाऊजी, कालवा पुन्हा बंद व्हायला दहा महिने आहेत. एक दिवस सुट्टी घ्या."

ते म्हणाले, "चाळीस पावलं राहिलीत," आणि खुर्ची मागे फिरवली.

मी ओले कपडे उचलून आत आणले आणि खुर्च्यांच्या पाठींवर पसरले.